इरल्यालाही मान हवा

आम्ही मिरजोळ्याच्या बायका बोलतोय. रत्नागिरी शहराला लागून आमचं गाव. एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला अजून टिकलेली भातशेतं. तुमच्याकडे आता आगोटीची कामं जोरात असतील. लाकडं पडवीत आली असतील, मसाले कुटून झाले असतील, सुकी मासळी डब्यात गेली असेल, फणसाची साठं उन्हात पडली असतील. हात चालू द्या, कान तेवढे आमच्याकडे असू द्या. आज आम्ही डोक्याविषयी बोलणार आहोत. डोक्यात काय आहे ते नव्हे हं, डोक्यावर काय आहे ते.

गेलं वर्षभर आमच्या बचत गटात एक रिवाज पडलाय. महिन्याची बैठक झाली, पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, की उरलेला अर्धा तास डोईवरच्या जुन्या वस्तूंचा. जिच्या घरी जे असेल ते तिने आणायचं. टोपी, पागोटं, कुंची, टोपरं, इरलं, काहीही. अट एकच. पिशवीतून आणायचं नाही, डोक्यावर घालून वाडीतून चालत यायचं. पहिल्या महिन्यात पोरं मागे लागली, म्हाताऱ्यांनी खळ्यातून हाका मारून विचारलं, आज काय शिमगा आहे काय गं? दुसऱ्या महिन्यात त्याच म्हाताऱ्यांनी आपल्या ट्रंका उघडल्या.

ट्रंकेतून आधी निघाल्या त्या काळ्या टोप्या. कोकणात काळ्या टोपीचं घर नाही असं घर शोधावं लागेल. गिरणीत, गोदीत, पेढीवर नोकरीला गेलेला चाकरमानी मुंबईहून गणपतीला येताना डोक्यावर काळी टोपी घालून यायचा. आमच्यातल्या एकीने सासऱ्यांची टोपी घातली. टोपीच्या आतल्या चामड्याच्या पट्टीवर घामाचा डाग तसाच होता. ती म्हणाली, माणूस जाऊन कितीतरी पावसाळे झाले, पण डोक्याचं माप अजून या टोपीत आहे. मग आम्ही सगळ्यांनी ती टोपी हातात घेऊन पाहिली. शिवण किती बारीक, अस्तर किती नीट बसवलेलं. जुनी वस्तू अशी हातात फिरली की तिची किंमत कळते. काचेच्या कपाटात ठेवून ती कळत नाही.

मग पांढरी टोपी. तिला आपण गांधी टोपी म्हणतो. १९२० च्या असहकाराच्या चळवळीत ती देशभर पसरली. खादीचं थोडंसं कापड, घडी केली की खिशात मावते, मळली की धुता येते, आणि गरिबाच्या डोक्यावर आणि वकिलाच्या डोक्यावर सारखीच दिसते. तोवर कोणाच्या डोक्यावर काय आहे त्यावरून त्याची जात, धंदा, मुलूख ओळखायचा. या टोपीने ती ओळख पुसायची हिंमत केली. गंमत अशी की गांधीजींनी स्वतः ती फार दिवस घातली नाही. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईला त्यांनी आखूड पंचा स्वीकारला आणि टोपीही सोडली. त्यांनी सोडली, पण महाराष्ट्राने शंभर वर्षं डोक्यावर ठेवली. वारकऱ्यांच्या डोक्यावर ती आहे, मुंबईच्या डबेवाल्यांच्या डोक्यावर ती आहे, आणि आपल्या गावच्या ग्रामसभेत मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरही ती आहे.

आपल्या रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्य टिळकांचं जन्मघर आहे. १८५६ मध्ये ते तिथे जन्मले. टिळक म्हटले की डोळ्यांपुढे पहिली काय येते? पगडी. पागोटं दर वेळी नव्याने गुंडाळावं लागतं, पगडी बांधून, शिवून तयार असते, उचलायची आणि घालायची. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं तेच हे मानांकन. ही वस्तू या मुलखाची, हिचं नाव दुसऱ्या कोणी लावू नये, असा त्याचा अर्थ.

आणि शिमग्याची टोपी कशी विसरायची? नमनातल्या संकासुराची ती उंच निमुळती टोपी. एरवी पोरं तिला घाबरतात. आमच्या बैठकीत ती एका आजीने घातली आणि संकासुरासारखी मान हलवली, तेव्हा हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

असे चार-पाच महिने गेले. मग आमच्यातल्या एकीने हिशेबाची वही उघडी असतानाच एक प्रश्न विचारला. म्हणाली, बायांनो, आतापर्यंत आपण डोक्यावर जे जे घालून आलो, ते सगळं पुरुषांचं. आपलं काय?

प्रश्न साधा होता, पण बराच वेळ कोणी बोललं नाही. आपल्या बोलीत बघा. घराण्याची अब्रू पागोट्यात. कोणाच्या पायावर पागोटं ठेवलं म्हणजे सर्वस्व ठेवलं. शिर सलामत तर पगडी पचास. फसवलं तर टोपी घातली म्हणायचं, आणि जागेसाठी आगाऊ पैसे द्यायचे तर त्यालाही पगडीच म्हणायचं. मान, अपमान, पैसा, फसवणूक, सगळं पुरुषाच्या डोक्यावरच्या कापडात बांधलेलं. बाईच्या डोक्यावर काय? पदर. आणि तो पदर मानाचा की धाकाचा, हे तिला कोणी विचारलं?

आमच्यातल्या वयस्कर बायांनी त्यांच्या आज्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं. काही जातींत नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचे आणि त्यावरून लाल आलवण ओढून द्यायचे. तेही डोईवरचं वस्त्रच. पण ते तिने निवडलेलं नव्हतं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असं ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला. आपल्याच जिल्ह्यातली, देवरुखच्या जोशांची गोदूबाई लहान वयात विधवा झाली. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात जाऊन शिकली आणि १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे ती बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. आपल्या डोक्यावर काय असावं आणि काय नसावं, हे आपण ठरवणं एवढं सोपं नव्हतं, मैत्रिणींनो. म्हणून हा अर्ध्या तासाचा खेळ आम्हाला नुसता खेळ वाटत नाही.

त्या बैठकीनंतर आम्ही ठरवलं, पुढच्या वेळी आपल्या डोईवरचं आणायचं. आणि काय काय आलं म्हणता!

चुंबळ आली. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून, गोल गुंडाळून, वरून धाग्याने घट्ट बांधलेली. हंडा असो, गवताचा भारा असो की मासळीची पाटी असो, टाळू आणि ओझं यांच्या मध्ये चुंबळ असते. गुजरातेत हिलाच इंढोणी म्हणतात आणि मणी, आरसे लावून सजवतात. आपली साधी असते, पण जिची तिची चुंबळ वेगळी. कोणी मऊ करते, कोणी कडक. दुसरीची चुंबळ आपल्या डोक्यावर नीट बसत नाही. आमच्यातल्या एका मासळी विकणाऱ्या बहिणीने आपली रोजची चुंबळ घालून दाखवली. मधोमध खळगा पडलेला, कडा झिजलेल्या. आम्ही ती हातोहात फिरवली आणि सगळ्या एकदम म्हणालो, हा खरा मुकुट.

कुंची आणि टोपरी आली. टोपरं म्हणजे बाळाच्या डोक्याला घट्ट बसणारी, नाडीची टोपी. कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीवर उतरणारी, थंडी-वाऱ्यात बाळाला पुरती झाकणारी. बारशाला खणाची, रेशमाची, गोटा लावलेली कुंची असायची, रोजची मात्र आजीच्या मऊ लुगड्याची. ही कुंची सहसा एका बाळाची नसते. आमच्याकडे आलेली एक कुंची सख्ख्या, चुलत मिळून सात भावंडांनी घातलेली होती. ती शिवणारी बाई कोण, हे मात्र घरात कोणालाच सांगता येईना. पगडी बांधणाऱ्याचं नाव पेठेत राहतं. कुंची शिवणारीचं नाव तिच्या घरातसुद्धा राहत नाही.

एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलींनी केसांवरची जाळीची टोपी आणली. आधी त्या लाजत होत्या, हे काय दाखवायचं म्हणून. आम्ही म्हटलं, का नाही? आठ तास उभं राहून तुम्ही पगार मिळवता तो हीच टोपी घालून. पन्नास वर्षांनी तुमच्या नातीला ती ट्रंकेत सापडू दे.

आणि शेवटी इरलं आलं. आज आम्हाला मुख्य बोलायचंय ते याच्याविषयी.

शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगतो. इरलं म्हणजे उलटी केलेली अर्धी होडी समजा. निमुळता भाग डोक्यावर बसतो, रुंद भाग पाठीवरून कमरेखाली उतरतो. बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणायची, तशीच दुसरी विणायची, दोन जाळ्यांच्या मध्ये रुंद पानं भरायची आणि कडा बांधून घ्यायच्या. पानं लावायची ती खालून वर, एकीवर दुसरी चढवत, घरावर कौलं चढवतात तशी. म्हणजे वरचं पाणी खालच्या पानावरून घरंगळत जातं, आत शिरत नाही. एवढंच त्याचं शास्त्र. पण जाळी सैल झाली तर पान सरकतं, आणि जास्त घट्ट झाली तर पान फाटतं. तो अंदाज हातातच असावा लागतो. तो कागदावर लिहून देता येत नाही.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लावणीचे दिवस त्याच्या मधोमध येतात. तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, चिखलात वाकून रोप रोप लावायचं. सकाळी वाकलेली बाई दुपारीच सरळ होते. आता विचार करा. छत्री कोणासाठी आहे? उभ्या माणसासाठी, आणि तिला एक हात द्यावा लागतो. रेनकोट कोणासाठी आहे? चालणाऱ्या माणसासाठी. तो घालून वाकलं की पाणी मानेतून आत जातं आणि अंग घामाने भिजतं. इरलं मात्र वाकलेल्या माणसासाठी केलेलं आहे. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी, खालून वारा खेळता. ज्या कोणी पहिलं इरलं विणलं, त्यांना लावणीच्या बाईची पाठ नीट ठाऊक होती. आम्हाला तर वाटतं, ते विणणारी बाईच असणार.

इरल्याचे दोषही आहेत, ते लपवणार नाही. भिजलं की जड होतं. सोसाट्याच्या वाऱ्यात उचललं जातं, तेव्हा आतून धरावं लागतं. अरुंद पाणंदीतून दोघी समोरासमोर आल्या तर एकीला बांधावर चढावं लागतं. पानं दर थोड्या दिवसांनी बघावी लागतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे, विणणारे हात कमी झाले. बुरूडकाम करणाऱ्या घरातली मुलं दुसऱ्या कामांना लागली. सूप, रोवळी, टोपली यांनाही प्लास्टिकने गाठलं, मग वर्षातून एकदाच लागणाऱ्या इरल्याची काय कथा. आता शेतात जी इरली दिसतात त्यातल्या बऱ्याच जणींवर पानांऐवजी निळा, पिवळा प्लास्टिकचा कागद असतो. त्यालाही आम्ही नावं ठेवत नाही. पाऊस थांबत नसतो, आणि बाईला त्या दिवशी जे मिळेल ते पाठीवर घ्यावं लागतं. पण तो कागद एक-दोन पावसाळ्यांत फाटतो आणि बांधाला, पऱ्याला अडकून बसतो. पानाचं इरलं जीर्ण झालं तर त्याची पानं खतात जातात आणि कामट्या चुलीत.

आमच्यातल्या एकीने विचारलं, आपण एकट्याच आहोत का जगात असलं काही घालणाऱ्या? तर नाही. मेघालयात खासी बायका 'कनूप' वापरतात. तेही बांबूचं आणि पानांचं, तेही डोक्यावरून पाठीवर उतरणारं, अगदी आपल्या इरल्याची सख्खी बहीण. तिथलं मौसिनराम हे गाव जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांतलं. वर्षाला सुमारे अकरा हजार आठशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या तिपटीहूनही जास्त. त्या पावसात बायका कनूप घालून शेतात, दगडांच्या कामावर वावरतात. खाली तुळू मुलखात, मंगळूर-उडुपीकडे, सुपारीच्या विरीची टोपी करतात. तिला 'मुट्टाळे' म्हणतात. व्हिएतनाममध्ये ताडपानांची शंकूसारखी टोपी बायका शेतातही घालतात आणि बाजारातही.

आसामची गोष्ट तर आपण मनावर घ्यावी अशी आहे. तिथे 'जापी' आहे. बांबू आणि ताडाच्या जातीच्या पानांची मोठी गोल टोपी. नांगरणाऱ्या शेतकऱ्याची जापी साधी असते. पण त्याच जापीला रंगीत कापड लावून, सजवून तिथे पाहुण्याचा सत्कार करतात. जशी आपल्याकडे शाल आणि फेटा, तशी तिकडे जापी. घराच्या भिंतीवरही ती मानाने टांगतात. २०२४ मध्ये जापीला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे चिखलात वापरायची वस्तू त्यांनी मानाच्या जागी नेली.

आपल्याकडे उलटं झालं. पगडी मानाची, कारण ती घालून कोणी चिखलात उतरत नाही. इरलं बिनमानाचं, कारण ते घालून आपण भात पिकवतो. पगडी मखमलीत ठेवतात, इरलं गोठ्याच्या आढ्याला टांगतात. गावात पाहुणा आला की सत्काराला पुण्याहून, कोल्हापुरातून फेटे मागवतात. आमचं फेट्याशी वैर नाही. गुढीपाडव्याला मुली फेटे बांधून शोभायात्रेत निघतात ते आम्हालाही आवडतं. पण भाताच्या मुलखात भाताच्या बाईच्या डोईवरची वस्तू सत्काराला का नको? आम्हाला सांगायचं ते हेच. मान पगडीला आहे, तसा इरल्यालाही हवा.

मान म्हणजे हार घालणं नव्हे. वस्तूला मान द्यायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली गोष्ट, ती वापरायची. आम्ही या लावणीला इरली घेणार आहोत. सगळ्यांकडे नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे आहेत त्यांची डागडुजी आणि बाकीच्यांसाठी नवी, असं ठरलंय. फोटोपुरतं घालून परत रेनकोट चढवायचा नाही. पूर्ण लावणी इरल्यात. संग्रहालयात ठेवलेली वस्तू बघायला मिळते, पण ती विणायची कशी हे संग्रहालय शिकवत नाही. दर वर्षी दहा बायकांना दहा इरली लागली, तर विणणारा हात जिवंत राहतो.

दुसरी गोष्ट, दाम द्यायचा. बुरूडकाम करणाऱ्याच्या दारात गेलं की आपण घासाघीस सुरू करतो. मॉलमध्ये पर्स घेताना करत नाही. एका इरल्याला बांबू तोडण्यापासून कडा बांधण्यापर्यंत किती दिवस जातात, ते आधी विचारा. मग जी शेतमजुरी आपण आपल्यासाठी मागतो, त्याच दराने ते दिवस मोजा. बाईने बाईच्या कष्टाचा दर पाडायचा नाही. आगाऊ रक्कम गटातून द्या, म्हणजे कारागिराला बांबू आणि पानं वेळेवर आणता येतील. मागणी पावसाच्या तोंडावर नको, दिवाळीनंतर द्या. बांबू पावसाळा सरल्यावर तोडायचा असतो, कोवळा आणि ओला बांबू लवकर किडतो. आणि एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाला. जंगलाबाहेर, आपल्या खाजगी जमिनीत वाढलेला बांबू आता त्या कायद्यात झाड म्हणून धरत नाहीत. तेव्हा परसातला माणगा तोडायला घाबरू नका. उलट बांधावर आणखी चार बेटं लावा. माणगा हा आपल्या कोकणचाच बांबू, सरळ आणि भरीव.

तिसरी गोष्ट, शिकून घ्यायचं. आमच्या वाडीत जुन्या पिढीतल्या दोघांना विणकाम येतं. त्यांचे गुडघे दुखतात, पण बोटं अजून चालतात. त्यांच्यापाशी आमच्या चार तरुण मुली बसायला लागल्या आहेत. पहिल्या जाळीची घरं वाकडीतिकडी झाली, दुसरीची बरी आली. जाळी आणि कडा अजून हाताखाली बसल्या नाहीत, पण आता त्या मुलींना कुठल्याही इरल्यात चूक कुठे आहे ते दिसतं. अर्धं शिक्षण तिथेच झालं.

आता ज्या मैत्रिणींच्या घरी जुन्या टोप्या आहेत त्यांच्यासाठी, आम्हाला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी सांगतो.

कोकणात टोपीचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. टोपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. गणपतीनंतर ऊन पडलं की सगळं बाहेर काढून वारं द्या. काळी टोपी पाण्यात बुडवू नका, रंग आणि आकार दोन्ही जातात. मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा आणि आत कागदाचे बोळे भरून ठेवा, म्हणजे ती बसकी होत नाही. पांढरी खादीची टोपी खुशाल धुवा. भाताची पेज पातळ करून, गाळून, तिची खळ द्या, ओलसर असतानाच हाताने घडी बसवा आणि मग इस्त्री. इरलं कोरडं करूनच आत न्या. चुलीवरच्या माळ्याला टांगलं तर धुराने कीड लागत नाही. गॅस आला, धूर गेला, म्हणून आता निदान हवेशीर जागी उंच टांगा, जमिनीला टेकवू नका.

बाळाच्या कुंचीबद्दल विशेष सांगणं. जुनी कुंची हौसेने जरूर घाला, पण आधी आतलं अस्तर धुवून मऊ करून घ्या. जर टोचत असेल तर आतून मलमल लावा. गोटा, मणी सैल झाले असतील तर काढून टाका, बाळ तोंडात घालतं. नाडी लांब ठेवू नका. आणि बाळ झोपलं की कुंची, टोपरं काढून ठेवा. झोपेत नाडी गळ्याशी आवळू शकते आणि उन्हाळ्यात डोकं तापतं.

आणखी एक टोपी आहे, जुनी नसली तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मुली आता स्कूटरने रत्नागिरीला कॉलेजला, कामाला जातात. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. केस विस्कटतात, गजरा दबतो, सगळं खरं. पण म्हण आपलीच आहे, शिर सलामत तर पगडी पचास. फेटा मिरवणुकीत, इरलं शेतात आणि हेल्मेट रस्त्यावर. ज्या जागी जे डोकं राखतं, ते त्या जागी डोक्यावर हवं.

आमच्या बैठकीचा अर्धा तास आता तासावर गेलाय. बचतीचं काम त्यामुळे मागे पडलं असं कोणी म्हणेल, तर आमची वही येऊन बघावी. ज्या बायका आधी सही करून लगेच निघायच्या, त्या आता बसतात. सासरे, आजी, बारसं, गिरणी, शेत, सगळं बोलून होतं. एकीच्या डोक्यावरची टोपी दुसरीच्या डोक्यावर जाते, आणि बोलता बोलता ती जातीच्या, वाडीच्या वेशीही ओलांडून जाते. जुन्या काळी जे चाललं नसतं, ते आमच्याकडे हसतखेळत होतं.

येत्या कृषी दिनाला, म्हणजे १ जुलैला, आमच्या गटाने एक ठरवलंय. गावात जी बाई सर्वांत जास्त वर्षं लावणीला उतरते आहे, तिचा सत्कार करायचा. शाल नाही, श्रीफळ नाही. नवं कोरं, पानांचं, आमच्याच मुलींनी शिकत शिकत विणलेलं इरलं तिच्या डोक्यावर ठेवायचं. आणि ते कपाटात ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी मळ्यात घालून यायचं, असं तिच्याकडून वचन घ्यायचं.

तुम्हीही एवढं करा. आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्या गावात इरलं कोण विणायचं? नाव सांगतील. ते घर शोधा. ते हात अजून असतील तर मागणी नोंदवा, नसतील तर त्यांच्या मुलींना, सुनांना विचारा, काही येतं का म्हणून. आणि तुमच्या पुढच्या बैठकीला डोक्यावर काहीतरी जुनं घालून जा, वाडीतून चालत. हसले तर हसू द्या. पुढच्या महिन्यात तेच लोक आपली ट्रंक उघडतील.

पाऊस वेळेवर येवो, तरवा चांगला होवो, आणि सगळ्यांच्या पाठी कोरड्या राहोत. नमस्कार.